कालव्यावरचे हातमोजे

टीव्हीवर फुटबॉल लागला की ती सोमवारची सकाळ मला अजून आठवते. डोळ्यांसमोर मैदान येत नाही, कालवा येतो. कालव्याचा भराव, त्यावर नीट ठेवलेले गोलकीपरचे हातमोजे, आणि पाण्याकडे बघत बसलेली एक बाई. घरचे विचारतात, तुम्ही कुठल्या संघाचे? मी सांगतो, ज्याचा गोलकीपर जास्त शिव्या खातोय त्या संघाचा.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. इथे नाव कुणाचंच लिहीत नाही. सगळी मंडळी हयात आहेत, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात, आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

आमच्या भागात फुटबॉल म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. इथला खरा नाद बैलगाडा शर्यतीचा. पण शर्यतींवर बंदी आली, शर्यतीच्या धावपट्ट्या, म्हणजे घाट, ओस पडले, आणि ज्यांच्या अंगात तो नाद मुरला होता त्यांना करमेनासं झालं. त्यातल्याच एका बड्या बागायतदाराने वारूळवाडीच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांचा क्लब हाती घेतला. त्यांना मी इथे अध्यक्ष म्हणतो. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र शर्यतीची जोडी कशी राखायची हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच रीतीने त्यांनी खेळाडू राखले. दूध, अंडी, मालिश, सामन्याच्या दिवशी फालतू बडबड बंद, सगळ्यांचे मोबाईल अध्यक्षांच्या पिशवीत. हसू येईल, पण क्लब जिंकत गेला. जुन्नर-आंबेगावात त्यांच्या तोडीचा संघ उरला नाही. पुढे शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तरी अध्यक्षांनी क्लब सोडला नाही.

त्या वर्षी अंतिम सामना शिनोलीकडच्या डोंगरातल्या पोरांशी लागला. क्लबाचे लोक गुलाल घेऊनच आले होते. बंदोबस्ताला मी स्वतः उभा होतो. पहिला गोल झाला तेव्हा लोक म्हणाले, चालायचंच. तिसऱ्याला शिव्या सुरू झाल्या. सहाव्यानंतर क्लबाचे बचावाचे खेळाडू कमरेवर हात ठेवून नुसते बघत राहिले आणि लोक चक्क हसायला लागले. रागावलेला जमाव मला सांभाळता येतो. हसणाऱ्या जमावाचं काय करायचं, ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. सामना नऊ-शून्यावर संपला. गुलालाची पोती न उघडताच परत गेली.

क्लबाचा गोलकीपर पिंपरी पेंढारचा. पंचविशीच्या आतला, चाकणच्या एका कारखान्यात कामाला, स्वभावाने अबोल. अकरा जण हरले होते, पण गोल एकट्या त्यानेच खाल्ले असा निकाल लोकांनी लावला. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच्या चुलतभावाने एक व्हिडिओ करून मोबाईलवर सोडला. नऊच्या नऊ गोल एकामागून एक, आणि प्रत्येक गोलावर बैलगाडा घाटातल्या निवेदकासारखा आवाज काढून, "उचलली रे उचलली, आन् ही भिर्रर्र!" दोन तालुक्यांत असा एक ग्रुप राहिला नाही, जिथे तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात हजेरी घेत होतो, तेवढ्यात पोलीस पाटलाचा फोन आला. कालव्याच्या भरावावर गोलकीपरचे कपडे सापडले होते. जर्सी, बूट, हातमोजे. पोरगा रात्री घरी आलाच नव्हता. संघातल्या कुणाकडे तरी थांबला असेल असं घरच्यांना वाटलं होतं. मोबाईल बंद. आणि कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं.

मी बीटच्या हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार त्याच भागातले, शेतकरी घरातले, कमी बोलणारे. जागेवर पोहोचेपर्यंत भरावावर अर्धा गाव जमला होता. पंचनामा केला. जर्सीची घडी घातलेली. बुटांच्या नाड्या सोडवून आत खोचलेल्या. हातमोजे एकावर एक ठेवलेले. शेजारी कापलेलं लिंबू. कालव्यावर लिंबू दिसणं हे काही नवल नाही, दर अमावस्येला डझनाने सापडतात. पंचनाम्यात त्याची नोंद घेतली आणि पुढे गेलो.

पलीकडच्या शेतात कांद्याला पाणी भरणारा एक शेतकरी पुढे आला. काल दिवस मावळताना त्याने गोलकीपरला पाहिलं होतं.

"मी हाक मारली साहेब. दोनदा मारली. पर वळला न्हाई."

"कुठे चालला होता? पाण्याकडे?"

"न्हाई. पाण्याकडनं रस्त्याकडं. अंगात दुसरीच कापडं व्हती. मान खाली, नीट म्होरं बघत चाललावता. म्या म्हनलं, लाजला असंल. मी बी पुन्यांदा न्हाई बोललो, पाणी वाफ्याभाईर चाललं व्हतं माझं."

माणूस पाण्यापासून दूर गेला होता. ही गोष्ट मला बरी वाटली, पण फार नाही. गेलेला माणूस परतही येतो.

त्याची आई भरावाच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लहानपणापास्नं या कालव्यात पवलाय त्यो. पवणारं पोरगं जीव द्यायला पाण्यात जात न्हाई साहेब."

हे मी त्यानंतर अनेकांना सांगितलं आहे, कारण नोकरीत मी पाहिलेलं बरंचसं याला धरून आहे. पण नियम म्हणजे नियम. पाटबंधारेवाल्यांना विनंती करून पाणी कमी करायला लावलं, पाणबुडे बोलावले. खालच्या शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले, कांदा वाळतोय म्हणून. मी म्हटलं, पोरगा सापडू द्या, मग हवं तेवढं भांडा.

ठाण्यात परत आलो तर तिथे दुसरंच वाढून ठेवलं होतं. पेंढारची माणसं फाटकाशी गोळा झालेली. चुलतभावाला घरातूनच लोकांनी धरून आणलं होतं. शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. गोलकीपरचे वडील माझ्या टेबलासमोर हात टेकून उभे राहिले.

"गुन्हा दाखल करा."

"कुणावर?"

"माझ्या पुतण्यावर. पोरगं हरलं म्हणून मरत न्हाई साहेब. पोरगं हसण्यानं मरतं."

मागे त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे त्या चुलतभावाचा बाप, भिंतीला टेकून उभा होता. दोघं भाऊ एका अंगणात राहणारे, एका विहिरीवर भिजवणारे. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा एकदा कागदावर आला असता तर ते अंगण दोन पिढ्या जुळलं नसतं. पोरगा जिवंत सापडला असता तरीही. म्हणून मी बेपत्ता व्यक्तीची नोंद घेतली, गुन्हा घेतला नाही. वडिलांना म्हटलं, "संध्याकाळपर्यंत मला द्या. तोवर तुमचा मुलगा बेपत्ता आहे, मेलेला नाही." ते खाली बसले. भावाकडे मात्र पाठ करून बसले.

चुलतभावाला मी ठाणे अंमलदाराच्या खोलीत बसवलं. कायद्याने तो आरोपी नव्हता, पण बाहेर सोडला असता तर गावाने त्याचं काय केलं असतं ते सांगता येत नव्हतं. पाणी दिलं, डॉक्टरला बोलावून ओठ दाखवला आणि जबाब घ्यायला बसलो.

"व्हिडिओ का केलास?"

"दादाला हसवायला."

"हसवायला?"

"आमी दोघं असंच करतोय साहेब, लहान असल्यापास्नं. मी धावीत नापास झालो तवा त्यानं माझी तसलीच बातमी वाचली व्हती, सगळ्या घराम्होरं. मी हसलोवतो. वाटलं, ह्यो बी हसंल. फक्त त्यालाच धाडला व्हता, नंतर लई भारी झालाय म्हणून एका दोस्ताला धाडला." मग त्याने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "त्यानं बघितलाय का न्हाई, तेबी कळंना. निळी खूण आलीच न्हाई."

त्याच्या मोबाईलवर मी पाहिलं. खरंच आली नव्हती. तरी त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. व्हिडिओ दुसऱ्या कुणीही दाखवला असू शकत होता.

तपासाची एक जुनी पद्धत आहे. शेवटी कोण भेटलं ते शोधा आणि तिथून मागे या. सामन्यानंतर गोलकीपर कुणाबरोबर गेला, हे संघातल्या कुणालाच नीट सांगता येईना. हरलेल्या संघात कुणी कुणाकडे बघत नाही. एकाने एवढंच सांगितलं की मोबाईलची पिशवी अध्यक्षांकडे होती आणि गोलकीपरने आपला फोन परत घेतलेला त्याला दिसला नाही. त्याच सुमाराला हवालदारांनी एक खबर आणली. डेअरीवर दूध घालणारा एक जण म्हणत होता की सकाळी अध्यक्षांची बैलांची पिकअप ताडपत्री टाकून मंचरच्या रस्त्याला लागली. शर्यत तर कुठेच नव्हती.

आम्ही अध्यक्षांच्या मळ्यावर गेलो. गोठ्यात पंखे चालू होते. दोन्ही बैल दावणीला, अंगावर तेलाचा तुकतुकीतपणा. अध्यक्षांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. मी सगळी हकिगत सांगितली. कपडे सापडले, पाणबुडे उतरलेत, आई कालव्यावरून हलत नाही. ते मान हलवत होते. "लई वाईट झालं राव. पोरगं गुणाचं. देव करो आन् सगळं बरं व्हवो."

मी चहा पीत त्यांच्याकडे बघत राहिलो. सकाळपासून मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने, अगदी कांद्याला पाणी भरणाऱ्यानेसुद्धा, पहिला प्रश्न एकच विचारला होता. सापडला का? अध्यक्षांनी तो विचारला नव्हता. जो माणूस विचारत नाही त्याला एक तर पर्वा नसते, नाहीतर उत्तर माहीत असतं. आणि अध्यक्षांना पर्वा होती, हे त्यांच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. पंखे चालू असताना.

हवालदार बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बैल हितं, मग पिकअप कुठं गेली भाऊ?"

"शिनोलीला. कडबा आणाया."

हवालदारांचा हात बैलाच्या पाठीवर तसाच थांबला. आमच्याकडच्या कुणालाही हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी लिहितो. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. ती मिळतात पूर्वेला. शिनोलीच्या वर सगळी भाताची खाचरं. तिथे पेंढा मिळतो, कडबा नाही. जन्मभर बैल पाळलेला माणूस कडबा आणायला डोंगरात गाडी धाडतो, हे त्या दोन बैलांनासुद्धा पटलं नसतं.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "चहा संपवा. आपण ठाण्यात बसू."

ते उठले नाहीत. तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या मोडले. मी त्यांना एकही कठोर शब्द बोललो नाही. काही माणसांना फक्त खोटं पुढे चालवण्याचा कंटाळा यावा लागतो.

त्यांच्या घरात आजोबांपासून एक रीत होती. शर्यतीत बैल लाजिरवाणा हरला, तर त्याच्या अंगावरची झूल, घुंगरं घरात आणायची नाहीत. वाहत्या पाण्याजवळ ठेवायची, लिंबू उतरून टाकायचं आणि बैलाला मागे वळू न देता तिथून काढायचं. मग काही दिवस त्याला लांब, दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवायचं. कुणाच्या नजरेला पाडायचा नाही, कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही. बैल पुन्हा उभा राहतो म्हणे. बैलांच्या बाबतीत मी याला हसत नाही. हरलेल्या जनावराला चार दिवस शांतता दिली तर त्याला बरंच वाटत असणार.

"पोरगं खाली बघून उभं व्हतं साहेब," अध्यक्ष म्हणाले. "समदी हसत व्हती. मला माझा बैल दिसला. मी त्याला गाडीत घेतला, कालव्यावर नेला, आमच्या आज्यानं सांगितलं व्हतं तसं समदं केलं आन् बहिणीच्या घरी सोडला, शिनोलीच्या वर. त्याला म्हनलं, घरी सांगतो मी."

"सांगितलं का?"

"सांगायचं नसतं ना राव. सकाळी सांगू म्हनलं. आन् सकाळी उठून बघतो तर भरावावर आख्खा गाव. आता सांगितलं तर लोक फाडून खातील. तुमी म्हणाल पळवून नेला. म्हनलं, गपचूप आणून सोडतो, म्हणून गाडी धाडली."

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी उठून गोठ्याबाहेर गेलो. पाण्याकडे बघत बसलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. आणि त्याच वेळी, खरं सांगतो, मला ओरडून हसावंसं वाटत होतं. पोरगा जिवंत होता.

पण नुसत्या ऐकीव शब्दावर मी त्या आईला काही सांगणार नव्हतो. शिनोली दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, म्हणून तिथल्या प्रभारींना फोन करून कल्पना दिली आणि अध्यक्षांना गाडीत घालून निघालो. मंचर, घोडेगाव, मग डोंगराचा रस्ता. अध्यक्ष मागच्या सीटवर. एकदाच म्हणाले, "बैल बोलत न्हाई, म्हणून बरं असतंय." हवालदार म्हणाले, "आन् बैलाला आई वाट बघत नसती."

शिनोलीच्या वर, बहिणीच्या घराखाली, पिकअप रस्त्याकडेला उभी होती आणि चालक बॉनेटवर बसून खाली बघत होता. आम्ही उतरलो. भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात फुटबॉल चालला होता. दोन दगडांमध्ये आमचा गोलकीपर उभा होता, अनवाणी, कुणाच्या तरी ढगळ बनियनमध्ये, गुडघे खरचटलेले. आणि त्याच्यावर चेंडू मारत होती तीच पोरं, ज्यांनी आदल्या दिवशी त्याला नऊ गोल घातले होते.

"आवं, मी कवाचा बोलवतोय," चालक म्हणाला. "म्हणतोय, थांब, मला ह्यांचा डावा पाय कळू दे."

आम्हाला बघून खेळ थांबला. वर्दी बघून गोलकीपरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी त्याला सगळं थोडक्यात सांगितलं. तो अध्यक्षांकडे बघायला लागला, मग माझ्याकडे.

"घरी सांगितलं न्हाई?" त्याने विचारलं. आणि लगेच, "आई कुठंय?"

मी फोन लावून दिला. कालव्यावरच्या शिपायाने तिच्या कानाला धरला. तो "आई" म्हणाला आणि फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. एवढंच कळलं की तिने त्याला जेवलास का असं विचारलं, कारण तो म्हणाला, "व्हय. नाचणीची भाकर." मी खाचराच्या बांधावर बसलो. सकाळपासून पहिल्यांदाच निवांत बसलो असेन.

ठाण्यात पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. वडिलांनी त्याला धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. गर्दी अध्यक्षांच्या अंगावर जाणार असं दिसल्यावर मी दारात उभा राहिलो. मग चुलतभावाला बाहेर आणलं. तो गोलकीपरसमोर येऊन उभा राहिला, मान खाली. सुजलेल्या ओठाने म्हणाला, "दादा, मी डिलीट केलाय."

"काय डिलीट केलंस?"

मग आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. गोलकीपरचा फोन सामन्याआधीपासून अध्यक्षांच्या पिशवीत बंद पडला होता. ज्या व्हिडिओपायी दोन भावांचं घर फुटायला आलं होतं, तो ज्याच्यावर होता त्याने पाहिलाच नव्हता.

आता तो कुणाच्याही फोनवर सापडला असता. ठाणे अंमलदाराच्या फोनवर होताच, हे त्याने जरा ओशाळून कबूल केलं. गोलकीपरने तो हातात घेतला आणि उभ्या उभ्या पाहिला. पहिल्या गोलाला चेहरा दगडासारखा. चौथ्याला ओठ हलला. सातव्याला चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला आणि चुलतभावाच्या आवाजात ते "भिर्रर्र" आलं, तसा तो जो हसायला लागला, तो खाली बसला. "आरं, ह्यो सातवा तर मला बी दिसला न्हाई," म्हणाला आणि डोळे पुसत राहिला. वडिलांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या भावाकडे. भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल, म्हशी वराडत असतील."

अध्यक्षांवर काय कारवाई करायची हा प्रश्न होता. पोरगा सज्ञान, स्वतःच्या मर्जीने गेलेला, त्याची तक्रार नाही. पोलिसांपासून माहिती दडवली म्हणून जे करता येत होतं त्याची समज देऊन, जबाब घेऊन सोडलं. त्याहून मोठी शिक्षा त्यांना गावाने दिली. पुढच्या हंगामात घाटात त्यांची जोडी जुंपली जाताना लोक मागून ओरडायचे, "अध्यक्ष, कडबा कुठला?" ती त्यांनी निमूट सोसली, आणि मला वाटतं, ती योग्यच होती.

एवढी वर्षं तपास केले, पण माणसाने न विचारलेला प्रश्न ऐकायला मला या प्रकरणाने शिकवलं. ते पुढच्या सगळ्या नोकरीत उपयोगी पडलं. आणि आणखी एक गोष्ट. हरलेल्या माणसाचं काय झालं असेल, हे त्याला न विचारता आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गावाने ठरवलं की तो मेला, अध्यक्षांनी ठरवलं की तो बैल आहे, मी कालव्यात पाणबुडे उतरवले. त्याला स्वतःला फक्त समोरच्याचा डावा पाय कळून घ्यायचा होता.

जप्त केलेले कपडे परत न्यायला त्याची आई दुसऱ्या दिवशी ठाण्यात आली. योगायोगाने अध्यक्षही जबाबावर सही करायला आलेले. तिने पिशवीत जर्सी घातली, बूट घातले आणि हातमोजे उचलले, तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही. "वहिनी, त्ये घरात नसतंय नेयाचं. अपशकुन व्हतो."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझ्या पोराच्या हाताचं हाय ते," म्हणाली, आणि हातमोजे पिशवीत घातले.

त्या आठवड्यात पेंढारच्या रस्त्याने गस्तीला गेलो, तर तिच्या अंगणातल्या दोरीवर हातमोजे वाळत होते. दोरीचं एक टोक तिच्या दाराला होतं, दुसरं दिराच्या.